खरा खुनी, काल्पनिक गुप्तहेर आणि आमची अडीच वर्षे

माझी आत्या १९६८ साली मालाडला राहत होती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात वस्तीतल्या पुरुषांनी पाळ्या लावून, हातात काठ्या घेऊन रात्र-रात्र गस्त घातली होती, आणि आत कितीही घुसमट झाली तरी तिच्या सासूबाईंनी घरातल्या कोणालाही ओट्यावर झोपू दिले नव्हते, ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रमण राघवचे नाव ती आजही तोंडाने घेत नाही. ‘तो’ एवढेच म्हणते. त्यामुळे जून २०२३ मध्ये आमच्या हौशी नाटकमंडळींपैकी सात जणांनी पदरच्या पैशांनी एक लघुपट करायचे ठरवले, तेव्हा विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. खुनी खरा, त्याचा माग काढणारा गुप्तहेर मात्र काल्पनिक, एवढी एकच गोष्ट पहिल्या बैठकीत ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चौतीस मिनिटांचा हा चित्रपट आम्ही नाशिकमध्ये तिकीट लावून दाखवला. मधल्या काळात जे आम्हाला वेळेवर कळले नाही ते पुढच्या माणसाला आधी कळावे, म्हणून तारखा आणि खर्च यांसह क्रमाने लिहीत आहे.

पहिले सहा महिने वाचनात गेले. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे टिपणे काढण्याची सवय होती; सुट्टीच्या दिवशी टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी एका दोनशे पानी वहीत प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘घडलेले’, उजवीकडे ‘रचलेले’ असे रकाने केले. ही वही पुढे प्रत्येक कचेरीत उपयोगी पडली. डाव्या रकान्यातल्या मुख्य गोष्टी अशा होत्या. १९६५-६६ मध्ये जुन्या जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले. त्या काळात रमण राघव पोलिसांच्या हाती लागला होता, पण थेट पुरावा नसल्यामुळे सुटला. १९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा तसेच खून सुरू झाले. तपासाची सूत्रे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती, आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्रावरून ओळखून त्याला अटक केली. १९६९ मध्ये खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासले, तो बरा न होणाऱ्या स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असल्याचे निदान केले, आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला.

हे सगळे लिहून झाल्यावर लक्षात आले की खुन्याबद्दल माझ्याकडे पानेच्या पाने आहेत, अटकेच्या वेळी त्याच्याजवळ काय सापडले याची यादीसुद्धा आहे, पण ज्यांना त्याने मारले त्यांच्याबद्दल दोन-चार ओळींपलीकडे काही नाही. रस्त्याकडेला आणि झोपड्यांत झोपणारी गरीब माणसे ती. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहून ठेवले नाही. या जाणिवेने पटकथेची दिशा बदलली. आमचा गुप्तहेर हा १९६६ मध्ये सुटलेल्या त्या माणसाचा चेहरा विसरू न शकलेला एक निवृत्त हवालदार झाला, आणि माग काढताना तो प्रत्येक मृताच्या घरी जाऊन त्याचे नाव, काम आणि गाव विचारून लिहून घेतो, असे ठरले. खरी नावे वापरायची नाहीत, हा निर्णयही तेव्हाच घेतला. त्यांची मुले-नातवंडे कुठेतरी असतील, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या घरातले दुःख पडद्यावर नेण्याचा अधिकार आमचा नाही, असे माझे आजही मत आहे.

खऱ्या खुन्यामागे काल्पनिक गुप्तहेर लावताना एक अडचण येते, ती विषय निवडण्याआधीच ध्यानात घ्यावी. शेवट तुमच्या हातात नसतो. अटक कोणी केली, कोणत्या दिवशी केली, हे ठरलेले आहे. ते श्रेय आपल्या पात्राला देणे म्हणजे ज्याने खरोखर काम केले त्याच्या तोंडचा घास काढण्यासारखे आहे. आमच्या पहिल्या खर्ड्यात हवालदारच खुन्याला पकडत होता. तो खर्डा वाचून आमचाच कॅमेरामन म्हणाला, “मॅडम, मग खऱ्या इन्स्पेक्टरनं काय केलं?” त्यानंतर आम्ही आमचा माणूस अटकेच्या जागी, मुंबईतल्या डोंगरीला, एक दिवस उशिरा पोचवला. पुढचे चार खर्डे या एका दिवसाभोवती फिरले.

जानेवारी २०२४ मध्ये पटकथा पूर्ण झाली आणि कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून नोंदणीचा अर्ज केला. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. चित्रपटाची नोंदणी करायची तर ५,००० रुपये लागतात, म्हणून आम्ही फक्त पटकथा नोंदवली. अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो, आणि कोणी आक्षेप घेतो का हे पाहण्यासाठी तीस दिवस थांबावेच लागते. त्या तीस दिवसांत कोणालाही फोन करून उपयोग नाही, हे माहीत असते तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. महिनाभरानंतर त्रुटीचे पत्र आले. पटकथा दोघांनी लिहिली होती, अर्ज मात्र माझ्या एकटीच्या नावाने गेला होता आणि सहलेखकाचे ना हरकत पत्र जोडलेले नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी होती. पत्र जोडले, आणि प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये हाती आले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: नोंदणीने तुमची मांडणी सुरक्षित राहते, घटना नव्हे. १९६८ चा इतिहास कोणाच्या मालकीचा नाही. उद्या दुसरे कोणी त्याच खटल्यावर चित्रपट केला तर आपण तक्रार करू शकत नाही, आणि हे योग्यच आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून चित्रीकरणाच्या परवानग्यांची धावपळ सुरू झाली. ज्या गावात दादासाहेब फाळक्यांनी १९१८ नंतर आपल्या कंपनीचे चित्रपट काढले, त्या गावात १९६८ ची मुंबई उभी करता येईल का, ही शंका बरोबरच्या अनेकांना होती. भद्रकाली आणि जुन्या नाशकातल्या काही बोळांत अजून कौलारू, लाकडी खांबांची घरे आहेत, पण प्रत्येक भिंतीवर विजेचे मीटर, केबलच्या वायरींचे झुबके आणि डिशच्या थाळ्या आहेत. शेवटी एका वाड्याचे मागचे अंगण आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा मिळाली. पाच दिवसांचे भाडे ३५,००० रुपये ठरले. करारनामा मुद्रांकावर केला; नेमक्या त्याच महिन्यात किमान मुद्रांक १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेला होता, त्यामुळे आधी आणून ठेवलेला कागद वाया गेला. तोंडी शब्दावर जागा घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते, कारण याआधी एका दुसऱ्या वाड्याच्या मालकांनी तोंडी होकार दिला होता आणि खुनाचा विषय कळल्यावर ठरलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी नकार दिला. त्यांना दोष देता येणार नाही. विषय आम्ही पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगायला हवा होता.

पोलिसांकडे दिलेल्या अर्जात तारखा, वेळा, माणसांची संख्या, जनरेटर आणि दिवे यांचा तपशील तर होताच, शिवाय पोलिसांचा गणवेश घातलेली पात्रे आणि हत्यार म्हणून वापरायची रबरी कांब यांचीही नोंद केली. ती नोंद केली म्हणून दुसऱ्या रात्री आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले, तेव्हा परवानगीची प्रत दाखवून पाच मिनिटांत प्रश्न मिटला. प्रत नेहमी दिग्दर्शकाच्या खिशात असावी, कार्यालयाच्या फायलीत नव्हे.

चित्रीकरण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाले, कारण शाळेला नाताळची सुट्टी तेव्हाच होती. कथा ऑगस्टमधल्या मुंबईची आणि प्रत्यक्षात नाशिकची थंडी. टँकर मागवून पाऊस पाडला, एका खेपेचे १,८०० रुपये पडले, आणि खाकी अर्धी चड्डी व बुशशर्ट घातलेला आमचा नट पहाटे तीन वाजता त्या पाण्यात उभा होता. त्याच्यासाठी घोंगड्या, शेकोटी आणि कोरड्या कपड्यांचे दोन जोड ठेवले होते, तरी तो नंतर आठवडाभर तापाने पडला. त्याची मला आजही रुखरुख वाटते. पावसाची दृश्ये रात्री घेण्याची गरज नव्हती. दुपारी काळे कापड लावूनही ती घेता आली असती.

त्या पाच दिवसांतले एक दृश्य मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अटकेच्या वेळी सापडलेल्या वस्तू आम्ही बुधवारच्या बाजारातून आणि जुन्या भांड्याकुंड्यांच्या दुकानांतून जमवल्या होत्या: चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कला विभाग सांभाळणाऱ्या मुलीने त्या एका मळक्या फडक्यावर ओळीने मांडल्या आणि जवळून चित्रित करण्यासाठी दिवा खाली आणला. लसणाच्या कांद्याची एक पाकळी सुटून बाजूला पडली होती. ती कोणी उचलली नाही. एवढ्या माणसांचा जीव घेणाऱ्याचा संसार कोणत्याही गरीब माणसाच्या संसारासारखाच होता, हे मी वाचले होते, पण डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले. चौकशीत बोलण्याआधी त्याने कोंबडी मागितली ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती आमच्या पटकथेतही होती. हे दृश्य घेतल्यावर ती आम्ही काढून टाकली, कारण ती ऐकून लोक हसतात.

संकलन आणि ध्वनी यांत फेब्रुवारी ते मे २०२५ गेले, ८०,००० रुपये लागले. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. फक्त संवादांची अंतिम प्रत संकलन संपल्या-संपल्या उतरवून ठेवावी, नंतर ती मागितली जाते.

यूट्यूबवर टाकायचे असेल तर प्रमाणपत्र लागत नाही, पण चित्रपटगृहात जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉर, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवेच. एका मध्यस्थाने या कामाचे ४५,००० रुपये सांगितले. आम्ही ते स्वतःच करायचे ठरवले आणि तो निर्णय बरोबर ठरला. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर करावा लागतो. निर्मात्याची नोंदणी, कथासार, संवाद, कलाकार-तंत्रज्ञांची नावे, कालावधी, शुल्क, सगळे तिथेच. भरण्याआधी १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे मी पूर्ण वाचली. गुन्हेगाराची कार्यपद्धती दाखवून गुन्ह्याला उत्तेजन मिळेल असे काही नसावे, हिंसेचे उदात्तीकरण नसावे, मानसिक व्याधी असलेल्यांची टिंगल नसावी, कोणाची बदनामी वा न्यायालयाचा अवमान नसावा, ही त्यांतली कलमे आमच्या विषयाला थेट लागू होती. पटकथा लिहिण्याआधी ती वाचली असती तर आमचे बरेच श्रम वाचले असते.

अर्ज पाठवण्याआधीच दोन गोष्टी अडल्या. आमचा हवालदार तीन दृश्यांत बिडी ओढत होता. तंबाखूचा वापर पडद्यावर दिसला की सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास तीस-तीस सेकंदांचे आरोग्यसंदेश, वीस-वीस सेकंदांचे निवेदन आणि प्रत्येक दृश्याखाली इशाऱ्याची ओळ द्यावी लागते. चौतीस मिनिटांच्या चित्रपटात ही शंभर सेकंदे फार होतात. दोन दृश्ये दुसऱ्या कोनातून घेतलेली होती ती वापरली, तिसरे पूर्णपणे वगळले. दुसरी गोष्ट म्हणजे अंगणातून जाणारी एक बकरी. तिच्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागली असती, आणि ती चित्रीकरणाआधी घ्यायची असते. बकरीही गेली. तुमच्या पात्राच्या हातात बिडी किंवा दारात जनावर अगदी आवश्यक आहे का, हे पटकथेच्या टप्प्यावरच ठरवा.

जूनच्या अखेरीस अर्ज गेला आणि ऑगस्टमध्ये मुंबईला मंडळाच्या समितीपुढे खेळ ठरल्याचा निरोप आला. मी आणि सहलेखक सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघालो. कसारा घाट उतरून गाडी कल्याणच्या पुढे आली, आणि मांडीवर वही असताना माझ्या एकदम लक्षात आले की डाव्या रकान्यातला १९६५-६६ चा ‘जीआयपी मार्ग’ म्हणजे आम्ही बसलो होतो तोच लोहमार्ग. रुळांच्या कडेला ताडपत्रीची घरे होती, आणि एका घराबाहेर बाजेवर कोणीतरी तोंडावर फडके घेऊन झोपले होते. सहलेखकाने वही माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली. आम्ही दादरपर्यंत काही बोललो नाही.

चित्रपट पाहताना अर्जदाराला आत बसता येत नाही. आम्ही बाहेर बाकावर थांबलो. समितीने नंतर आत बोलावून शांतपणे मुद्दे सांगितले. एक, कांबीचा घाव आणि त्याचा आवाज असलेले सहा सेकंदांचे दृश्य कमी करावे. दोन, पात्रांच्या तोंडी ‘वेडा’ हा शब्द हेटाळणीने चार वेळा येतो, तो बदलावा. तीन, खरे काय आणि कल्पित काय याचे निवेदन स्पष्ट असावे. तिसऱ्या मुद्द्यावर मी वही उघडून दाखवली. आम्ही सुरुवातीला ‘सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत’ ही नेहमीची ओळ टाकली होती, आणि आमच्या चित्रपटापुरती ती ओळ खोटी होती. एका वकिलांकडून, ४,००० रुपये देऊन, नवे निवेदन तपासून घेतले: “मुंबईत १९६५-६६ आणि १९६८ मध्ये झालेल्या हत्या, २७ ऑगस्ट १९६८ ची अटक आणि त्यानंतरचा खटला या सत्य घटना आहेत. निवृत्त हवालदार, त्याचे कुटुंब आणि मृतांची चित्रपटातील नावे काल्पनिक आहेत.” घावाचे दृश्य आम्ही पूर्ण काढून फक्त भिंतीवरची सावली ठेवली. ते आधीपेक्षा चांगले झाले आहे असे मला वाटते. ‘वेडा’ या शब्दाबद्दल मला वाईट वाटले, ते तो काढावा लागला म्हणून नव्हे, तर तीन तज्ज्ञांचे निदान वहीत लिहून ठेवूनही तो शब्द माझ्या लेखणीतून चार वेळा उतरला म्हणून.

बदल केलेली प्रत, बदलांची वेळेनुसार नोंद आणि नवे संवाद सप्टेंबरमध्ये सादर केले. नव्या वर्गवारीप्रमाणे ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले. प्रमाणपत्र हाती येण्याआधी चित्रपटगृहाला आगाऊ रक्कम देऊ नका; आम्ही घाईने ५,००० रुपये दिले होते, तारीख पुढे गेल्यावर ते परत मिळाले नाहीत. चित्रपटगृहासाठी वेगळी डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत करावी लागते, तिचे १२,००० रुपये धरून ठेवा. सगळा मिळून खर्च ३,४२,००० रुपये झाला, तिकिटांतून ४१,००० रुपये परत आले.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी साडेनऊच्या खेळाला आत्याला नाशिकरोडहून रिक्षाने आणले. तिला जिन्याजवळची खुर्ची दिली होती. दिवे गेले, प्रमाणपत्र आले, त्यामागून निवेदन आले, आणि ती ते अक्षर अन् अक्षर हळू आवाजात वाचत राहिली. खेळ संपल्यावर हवालदाराचे काम करणारा आमचा नट तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याचा हात घट्ट धरला.

“अरे, एक दिवस आधी नाही का रे निघायचं?”

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “निघालो होतो, आत्या. पत्ता चुकीचा मिळाला.” पटकथेत असे काहीच नव्हते. पुढच्या खेळाचे लोक आत यायला लागले तरी ती दोघे तिथेच बसून होती.